रडारचा आवाज उतरवणाऱ्या कुमुदताई

डॉ. कुमुद हर्डीकर यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो तक्रार घेऊन. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, प्रयोगशाळेतले सहकारी लिहितील, स्नेही लिहितील. मी तेव्हा यांपैकी कोणीच नव्हतो. मी पलीकडच्या बाजूचा माणूस होतो, आणि रिहे खोऱ्यावरच्या टेकडीवर मोटरसायकल चढवताना या बाईंना काय काय सुनवायचं याची मनात उजळणी करत होतो.

आधी माझा व्यवसाय सांगायला हवा. मी उरवड्याचा. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते. डिप्लोमा झाल्यावर मी बिनतारी इंटरनेटचं काम सुरू केलं. जिथे केबल पोचत नाही तिथे उंच जागा बघून खांब उभा करायचा, त्यावर ताटलीसारखा अँटेना बसवायचा आणि समोरच्या खांबावरच्या तशाच अँटेनाशी त्याचं तोंड जुळवायचं. उरवडे-घोटावड्याकडचे काही कारखाने, रिह्यातली फार्महाउसं आणि खोऱ्याच्या टोकाला, घाटाच्या अंगाला असलेली एक वाडी, एवढे माझे ग्राहक. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना बातमीत येण्याचा कंटाळा आला आहे. वाडीत मोबाइलला रेंज नाही. शाळेच्या छपरावरचा माझा अँटेना हाच साऱ्या वाडीचा फोन.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या जोडण्या अडखळायला लागल्या. पूर्ण बंद पडल्या असत्या तर बरं, कारण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. या अडखळत होत्या. बोलता बोलता शब्द गळायचा, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा गळायचा. कारखान्यांचे मॅनेजर रोज फोन करून झापायचे. मी वायरी बदलल्या, यंत्रं बदलली, खांबावर चढून अँटेना हलवून पाहिले. मग एक दिवस घोटावड्याच्या खांबावर असताना समोरच्या टेकडीवर पांढरा घुमट दिसला. एका संस्थेने तिथे पाऊस मोजणारं छोटं रडार बसवलं होतं आणि सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या कोणी हर्डीकर मॅडम ते चालवतात असं कळलं.

केबिनमध्ये सुती साडी आणि पायांत खेळाडूंचे बूट अशा वेशातल्या एक बाई स्क्रू पिळत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"मॅडम, तुमच्या रडारमुळे माझा धंदा बसायची वेळ आलीय."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "काय होतं नेमकं?"

"सारखं तुटतं."

"सारखं, की ठरावीक वेळाने?"

मी गोंधळलो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. त्यांनी माझ्या मोबाइलवर घोटावड्याच्या जोडणीचा आलेख उघडायला लावला. रेषा चालायची आणि खाली आपटायची, पुन्हा चालायची आणि आपटायची. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग उठून त्यांनी रडारच्या अँटेनाचं फिरणं हळू केलं आणि पुन्हा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आलेखातलं आपटणंही तेवढंच हळू झालं.

"आम्हीच!" त्या जवळजवळ ओरडल्या. "बघा, आमचा अँटेना फिरत तुमच्या खांबाकडे तोंड करतो तेव्हाच तुमचं तुटतंय. आम्हीच आहोत!"

आपलाच दोष सापडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. घरून आणलेलं भांडण तसंच राहिलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, डब्यातली थालीपीठं पुढे केली आणि विचारलं, "तुमचे बाकीचे खांब कुठे कुठे आहेत? मला सगळे बघायचेत."

नंतर संस्थेच्या संचालकांनी त्यांना माझ्यादेखत समजावलं होतं की कायदा आपल्या बाजूने आहे. मी वापरत होतो त्या लहरी कोणालाही परवान्याशिवाय वापरता येतात, पण एका अटीवर: रडार बोलत असेल तर इतरांनी बाजूला व्हायचं. संचालकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "यांनी हलावं, आपण का हलायचं?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

ताई म्हणाल्या, "हक्क आपला आहे, मान्य. पण त्या वाडीला दुसरा फोन नाही. आपण पाऊस मोजतोय तो कोणासाठी?"

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो, असं म्हणायला हरकत नाही.

रडारला इतकं मोठ्याने का बोलावं लागतं, हे मी त्यांना नंतर विचारलं. आम्ही केबिनबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "तुझं बोलणं एका खांबावरून निघतं आणि दुसऱ्यावर पोचतं. एकदा गेलं की काम झालं. आमचं बोलणं जातं, पावसाच्या थेंबांवर आपटतं आणि त्यातलं जे काही चिमूटभर परत येतं ते आम्ही ऐकतो. ते ऐकू यावं म्हणून निघतानाच ओरडावं लागतं."

"मग थोडं कमी ओरडा."

"कमी ओरडलं तर लांबचं दिसणार नाही." एवढं बोलून त्या थांबल्या आणि एकदम माझ्याकडे वळल्या. "पण किती कमी केलं तर किती दिसेनासं होतं, हे या खोऱ्यात कोणी मोजलंय का? मीही नाही मोजलं. चल, मोजू या."

तो पावसाळा आम्ही मोजण्यात घालवला. त्या टेकडीवर रडारची ताकद एक पायरी उतरवायच्या, मी कुठल्या तरी खांबाखाली छत्री धरून उभा राहून आलेख सांगायचा. कधी उलट, मी टेकडीवर आणि त्या खांबाखाली. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाई भाताच्या खाचरांतून चिखल तुडवत माझ्या खांबापर्यंत यायच्या, कारण मी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण तो आकडा आला तेव्हा समोर काय होतं हे त्यांना स्वतः बघायचं असायचं. एकदा आकडा जुळेना, तेव्हा अँटेनाच्या समोर आलेली बांबूची नवी वाढ त्यांनीच दाखवली.

त्यातून हळूहळू एक पद्धत तयार झाली. जिकडे माझे खांब आहेत तिकडे तोंड करताना रडार आपोआप आवाज उतरवायचं आणि डोंगराकडे वळलं की चढवायचं. उतरलेल्या आवाजातही दिसावं म्हणून ताईंनी एक छोटा जोरकस ठोका देण्याऐवजी लांब, हलका सूर लावायला सुरुवात केली. एकूण जोर तेवढाच, पण जास्त वेळात पसरलेला. आणि तरीही पुरलं नाही तर अँटेना त्या दिशेला जरा रेंगाळायचा. "मोठ्याने बोलायचं नसेल तर जास्त वेळ ऐकायचं," असं त्या म्हणायच्या. फुकट काहीच मिळत नव्हतं. आवाज वाचवला की वेळ जायचा, आणि पाऊस धावत येत असेल तर वेळच नसायचा. हा हिशेब कायमचा सुटत नाही, दर ढगाला नव्याने मांडावा लागतो, आणि ताईंना त्यातच रस होता.

त्यांच्या या स्वभावाचा आमच्या घराला झालेला उपयोग इथे सांगतो. माझ्या आईला ऐकू कमी येऊ लागलं होतं. घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलायचो आणि ती जास्तच गप्प होत चालली होती. कानाचं यंत्र आणलं, तेही ती काढून ठेवायची. ताई एकदा उरवड्याला घरी आल्या. आम्ही आईशी बोलतोय ते थोडा वेळ ऐकलं, मग उठून त्यांनी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, आईच्या समोर पाट घेऊन बसल्या आणि नेहमीच्या आवाजात, सावकाश विचारलं, "आई, आम्ही ओरडतो तेव्हा काय होतं?"

आई लगेच म्हणाली, "आवाज येतुया, पर शबूद कळत न्हाई. समदी अंगावर आल्यावानी वाटतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात आईशी समोर बसून बोलायचं असं ठरलं. कानाच्या यंत्राचा आवाज ताई स्वतः डॉक्टरांकडे सोबत जाऊन कमी करवून आल्या. आई होती तोवर दर दिवाळीला कुमुदताईंसाठी करंज्यांचा वेगळा डबा निघायचा.

आता त्या दुपारबद्दल. या ग्रंथात ती कोणीतरी सांगणारच, पण मी तेव्हा तिथे होतो, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

आमच्या पद्धतीचा तो दुसरा पावसाळा. श्रावण लागला होता आणि पाऊस काही दिवस थांबलाच नव्हता. मी केबिनची बॅटरी बदलायला टेकडीवर गेलो होतो. ताई पडद्यासमोर बसल्या होत्या. खोऱ्यावर पावसाचा जाड, लाल पट्टा दिसत होता. त्याच्या मागे, वाडीच्या आणि घाटमाथ्याच्या दिशेला, पडदा कोरा होता.

"हे कोरं मला आवडत नाही," ताई म्हणाल्या.

"कोरं म्हणजे तिकडे पाऊस नाही ना?"

"एक तर तिकडे पाऊस नाही. नाही तर आमची लाट या पुढच्या पावसातच विरून जातेय आणि मागचं आम्हाला दिसतच नाहीये. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, विलास."

रडार वाडीच्या दिशेला उतरलेल्या आवाजात चाललं होतं. अँटेना आधीच रेंगाळत होता, त्याहून हळू करून उपयोग नव्हता. मागचं बघायचं तर पूर्ण ताकद लावायला हवी होती, आणि ती लावली की वाडीचा फोन जाणार होता. डोंगरावर खरंच मोठा पाऊस असला तर तो वाडीला कळवायचा होता, तोही त्याच फोनवर.

माझी अपेक्षा होती की त्या बटणाकडे हात नेतील. त्यांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. वाडीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस बायडाबाई फोनवर आल्या. शाळेतला फोन त्याच सांभाळत.

"बायडाबाई, कुमुद बोलतेय, टेकडीवरून. पाऊस कसा आहे?"

"लई हाय. परवाधरनं असाच हाय."

"आणि मागे डोंगरावर?"

"त्ये आमाला कुटं दिसतंय? समदं ढगात हाय."

"मलाही दिसत नाहीये. बघायचं तर रडारचा आवाज वाढवावा लागेल, आणि तो वाढवला की तुमचा फोन काही वेळ बंद पडेल. वाढवू का? तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरं काहीतरी करून बघते."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. बायडाबाईंनी पोरांना दटावलं. मग म्हणाल्या, "परत कवा लागंल?"

"माझं बघून झालं की."

"आन् न्हाईच लागला तर? आमी काय समजायचं? समदं बरं हाय म्हून फोन न्हाई, का वंगाळ हाय म्हून न्हाई?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या कोऱ्या पडद्याशी झगडत होत्या, आणि आता वाडीच्या कानाशी येणाऱ्या कोऱ्या फोनचा अर्थ ठरवायचा होता.

"तर असं ठरवू," त्या म्हणाल्या. "फोन आला नाही तर वंगाळ आहे असंच समजायचं. एकदा चहा करून पिण्याइतका वेळ थांबा. तेवढ्यात माझा फोन आला नाही, तर डोंगराच्या उताराखालच्या सगळ्या घरांनी उठून शाळेत यायचं. शाळा उतारापासून बाजूला आहे ना?"

"हाय, पठारावर हाय. पर ताई, काय झालंच न्हाई तर? म्हाताऱ्यास्नी फुकट भिजवलं म्हून मानसं मला बोलतील."

"माझं नाव सांगा. मला बोलायला सांगा."

"व्हय. मंग करा बंद. पोरास्नी मी हितंच ठेवती."

ताईंनी ताकद चढवली. पडद्यावर अँटेनाच्या फेऱ्यांबरोबर एकेक रेघ उमटू लागली. लाल पट्ट्याच्या मागे, इतका वेळ जिथे काहीच नव्हतं, तिथे दुसरा पट्टा होता. पहिल्यापेक्षा रुंद, पहिल्यापेक्षा गडद, घाटमाथ्याला चिकटून उभा. वाडीच्या वरच्या डोंगरावर तो आधीपासून कोसळत होता.

त्यांनी लगेच ताकद उतरवली. "लाव फोन."

मी लावला. लागला नाही. पुन्हा लावला. माझ्या लॅपटॉपवर वाडीचा खांबच दिसेनासा झाला होता. खांब पडला, असं मला वाटलं. ताई मात्र म्हणाल्या, "उन्हाळ्यात तू वाडीचं यंत्र बदललंस ना? नवं यंत्र रडार लवकर ओळखतं. आमचा आवाज ऐकून ते नियमाप्रमाणे बाजूला झालं असेल. आता दुसरी रिकामी वाट सापडेपर्यंत गप्प बसून ऐकत राहील."

त्यांचं बरोबर होतं. यंत्र बिघडलं नव्हतं. कायद्याने त्याला जसं वागायला शिकवलं होतं तसंच ते वागत होतं, आणि आम्हाला नेमका तोच वेळ हवा होता. मी तहसील कार्यालयाला फोन लावला. त्यांनी नोंद घेतली, पण वाडीचा रस्ता ओढ्याखाली गेला होता आणि माणसं पोचायला वेळ लागणार होता.

"आता?" मी विचारलं.

"आता बायडाबाई," ताई म्हणाल्या.

पडद्यावरचा पट्टा सरकत होता. ताईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या माझ्या लॅपटॉपकडे बघत होत्या, जिथे वाडीच्या नावापुढे लाल ठिपका होता. तो हिरवा झाला तेव्हा मी फोन लावण्याआधीच फोन वाजला.

बायडाबाईंना धाप लागली होती. "आलो समदे. तुमचा फोन आला न्हाई म्हून आलो. एक म्हातारा निघत नव्हता, त्याला पोरांनी उचलून आनला. काय दिसलं ताई?"

ताईंनी जे दिसलं होतं ते सांगितलं, काहीही न वाढवता.

"मंग बसतो हितंच," बायडाबाई म्हणाल्या.

दिवस मावळायच्या आत डोंगराचा उतार कोसळला. दोन घरं आणि एक गोठा मातीखाली गेला. माणूस एकही गेलं नाही. वाडीतून तसा फोन आला तेव्हा ताईंनी फक्त "सगळे?" असं विचारलं आणि "समदे" हे उत्तर ऐकल्यावर चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "आणि गोठ्यात?" शेळ्या होत्या. त्या गेल्या होत्या.

पुढचं सगळं मला त्या दुपारपेक्षाही मोठं वाटतं.

रडारने वाडी वाचवली, अशी बातमी झाली. संस्थेत गाड्या आल्या, हार आले. संचालकांनी एक निवेदन तयार करून ताईंकडे सहीला पाठवलं. ताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "यात एक गोष्ट राहिलीय. रडारने वाडीचा फोन तोडला, हेही लिहा."

संचालक चांगले गृहस्थ आहेत, आजही ताईंना मानतात. ते कळकळीने म्हणाले, "मॅडम, हे लिहिलं तर प्रयोगाची परवानगी जाईल. इतकी वर्षं तुम्ही यात घातलीत."

"जाऊ दे. हे लिहिलं नाही तर पुढचा माणूस वाडीला न विचारताच आवाज वाढवेल. त्या दिवशी फोन तुटला आणि लोक निघाले, ते बायडाबाईंनी आधी प्रश्न विचारला म्हणून. तो प्रश्न मला सुचायला हवा होता. नाही सुचला. तेही लिहा."

त्यांनी ते लिहिलं, आणि संचालकांची भीती खरी ठरली. चौकशी होईपर्यंत रडार बंद ठेवण्याचा आदेश आला. पावसाळा अर्धा बाकी होता. ताईंनी स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, पण त्या तक्रारीचा एक शब्द बोलल्या नाहीत.

पाऊस जरा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "वाडीला सांगून यायला हवं. ते रडारच्या भरवशावर असतील." गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने आणि पुढे चिखलातून चालत आम्ही गेलो. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. ताईंनी सरळ सांगितलं की रडार बंद आहे, आता टेकडीवरून कोणी बघत नाही, तुम्हीच सावध राहा.

बायडाबाई चिडल्या. "बंद का केलं? आमी कुटं म्हनलं बंद करा?"

"तुमचा फोन तुटला होता आमच्यामुळे. त्याची चौकशी आहे."

"फोन गेला त्येचं आमाला काय न्हाई. सांगून गेला ना? न सांगता जातुया तो फोन लई वंगाळ." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "चौकशी कुटं हाय? आमी येतो."

चौकशीची बैठक पौडला झाली आणि वाडीतली माणसं खरोखर आली. बायडाबाईंनी साहेबांसमोर तेच सांगितलं जे ओट्यावर सांगितलं होतं. शेळ्या गेलेले गृहस्थ उठून म्हणाले की रडार असलं काय नि नसलं काय, त्यांच्या शेळ्यांचं कोणी काही बोलत नाही. त्यांचंही म्हणणं ताईंनी नोंदवायला लावलं. मला वाटतं, त्या बैठकीत ताईंच्या बाजूने सगळ्यात जड ठरलं ते हेच, की त्यांनी आपल्याविरुद्ध जाणारी एकही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदा येऊ दिली नाही.

परवानगी परत मिळाली, ताईंनीच सुचवलेल्या अटींसह. वाडीसाठी मी दुसऱ्या लहरींवर एक बारीकशी जोडणी बसवली. तिच्यावर चित्र दिसत नाही, पण आवाज जातो, आणि रडारशी तिचा संबंध नाही. रडारला वाडीच्या दिशेने ताकद वाढवायची असेल तर आधी शाळेत घंटी वाजते. कोणीतरी "बरं" म्हणेपर्यंत रडार थांबतं. आणि हे सगळं फसलं तर काय समजायचं हे वाडीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी ताई स्वतः वाडीत जाऊन त्याची चाचणी घेतात. फोन मुद्दाम बंद पाडतात आणि शाळेच्या ओट्यावर बसून कोण कोण येतं ते बघतात. मागच्या खेपेला काही घरं आली नाहीत. ताई रागावल्या नाहीत. त्या त्या घरी जाऊन त्यांनी "का आला नाहीत?" असं विचारलं, आणि त्या उत्तरांवरून घंटीची वेळ बदलली.

कुमुदताईंनी किती शोधनिबंध लिहिले, त्यांची पद्धत आता कुठे कुठे वापरतात, हे सांगणारे जाणकार या ग्रंथात आहेत. मला एवढंच सांगायचं आहे की त्यांच्यासोबत काम करून माझ्या धंद्याची तऱ्हाच बदलली. आता कोणी ग्राहक ओरडत आला की मी आधी विचारतो, सारखं तुटतं की ठरावीक वेळाने? बहुतेक जण गोंधळतात. मग आम्ही दोघं मिळून बघतो.

या लेखासाठी त्यांची एक-दोन छायाचित्रं मागायला मी गेल्या आठवड्यात टेकडीवर गेलो होतो. आकाश निरभ्र होतं, ढगाचा पत्ता नव्हता. ताई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"विलास, हे बघ. पाऊस नाही, आणि रिह्याच्या खाचरांतून हे काहीतरी वर उठतंय. रोज संध्याकाळी उठतं. कमी ताकदीवरच दिसतं, जास्त केली की बाकीच्या गोंधळात हरवतं. काय असेल?"

मी म्हटलं पक्षी असतील. त्या म्हणाल्या पक्ष्यांचा वेग असा नसतो. मग चतुर असतील, मी म्हटलं, भात पोटरीला आलं की खाचरांवर चतुरांचे थवे फिरतात. त्यांचे डोळे चमकले. छायाचित्रं राहिली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चढउतार करू नका असं बजावलेलं असताना त्या माझ्या मोटरसायकलवर मागे बसून खाली रिह्याला आल्या आणि सूर्य कलेपर्यंत आम्ही बांधावर उभे होतो. चतुर होते, पुष्कळ होते. पण पडद्यावर दिसलेले तेच का, हे ठरलं नाही. "नुसते आहेत म्हणून तेच, असं नाही म्हणता येणार," ताई म्हणाल्या. भाद्रपद सरत आला होता, म्हणून पुढच्या भाद्रपदात एक जण टेकडीवर आणि एक जण बांधावर उभं राहून बघायचं, असं परत येताना ठरलं.

कुमुदताईंचे गुडघे धड राहोत, डोळे असेच तेज राहोत. त्यांना निरोगी, लांब आयुष्य लाभो. येत्या भाद्रपदात मला त्यांच्यासाठी बांधावर उभं राहायचं आहे, आणि त्यातून कळलं नाही तर त्याच्या पुढच्या भाद्रपदातही, आणि त्याच्याही पुढच्या.